दरडग्रस्तांसाठी जमवलेल्या वर्गणीचा हिशोब मागावा का?

प्रश्न (भांडुप): आमच्या टेकडीवरील वस्तीत दरड कोसळल्यानंतर स्थानिक मंडळाने घरोघरी वर्गणी गोळा केली, मात्र तीन महिने उलटले तरी कोणाला किती मदत पोहोचली, हे फलकावर लागलेले नाही, आणि विचारले की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे ऐकावे लागते. काय करावे?

उत्तर १: हिशोब मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे. मंडळाची न्यास म्हणून नोंदणी असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशोब ठेवणे बंधनकारक आहे. आधी लेखी मागणी करा. दाद न मिळाल्यास वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

उत्तर २: पावती मिळाली होती का? आयकर कायद्यानुसार दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, म्हणून धनादेश बरा. त्याची नोंदही राहते.

उत्तर ३: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकांनी पावती न मागता अनोळखी माणसांना घरात घेतले, जेवू घातले. ती माणुसकी वेगळी; पैसा एका हातात जमला की वही उघडीच हवी. मी स्वतः खजिनदार होतो. खर्च दर रविवारी जिन्याखाली लावत असे, त्यामुळे कुजबुज झाली नाही. (चुका मात्र दोनदा सापडल्या, आणि त्या शेजाऱ्यांनीच दाखवल्या.)