एनसीक्यू चालू केल्यापासून बॅकअपच्या वेळी बिले अडकतात : रांगेची लांबी किती ठेवावी?

नमस्कार,

देवगडजवळ आमचा हापूस पॅकिंगचा घरगुती व्यवसाय आहे. पेट्यांची आवक, बागायतदारांचे हिशेब आणि बिले हे सर्व एका जुन्या डेस्कटॉपवरील पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असते. त्यावर लिनक्स आहे, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी एक टेराबाइटची साटा हार्ड डिस्क आहे आणि काउंटरवरील तीन संगणक त्याला जोडलेले आहेत.

यंदा हंगामापूर्वी साफसफाई करताना लक्षात आले की बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) डिस्कसाठी जुना आयडीई मोड राहिला होता, त्यामुळे नेटिव्ह कमांड क्यूइंग, म्हणजेच एनसीक्यू (अनेक आज्ञा रांगेत घेऊन डिस्कनेच त्यांचा क्रम लावण्याची सोय), कधी वापरातच आले नव्हते. एनसीक्यूला लागणारा एएचसीआय मोड निवडल्यावर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत ३२ आज्ञांची रांग दिसू लागली. (विंडोज असते तर या बदलानंतर बहुधा निळा पडदा पाहावा लागला असता, लिनक्स निमूट सुरू झाले.)

माझी समज अशी आहे : ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची असते, म्हणून डोके योग्य मार्गिकेवर पोहोचल्यावरही हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी ४.१७ मिलिसेकंद थांबावे लागते. तबकडी या क्षणी कुठे आहे हे फक्त डिस्कच्या फर्मवेअरला (डिस्कमधल्या अंगभूत प्रणालीला) ठाऊक असल्यामुळे, अनेक आज्ञा एकदम हाती आल्या तर ते त्यांचा सोयीचा क्रम लावते. आमचा टेम्पोवाला फोन आले त्या क्रमाने न जाता कुणकेश्वर, मिठबाव अशा वाटेवरच्या पेट्या एका खेपेत उचलतो, तसेच हे आहे.

त्याप्रमाणे अनुभवही आला. एकच मोठी फाइल कॉपी करताना काही फरक पडला नाही, कारण तिथे क्रम लावण्यासारखे काही नसतेच. मात्र तिन्ही काउंटर एकदम चालू असताना वेग स्पष्टपणे वाढला.

अडचण संध्याकाळची आहे. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप सुरू झाला की एखाद्या काउंटरवरचे बिल कित्येक सेकंद अडकून राहते, आणि पूर्वी इतका वेळ लागत नसे. क्यू डेप्थ (रांगेची लांबी) १ केल्यास हा त्रास थांबतो, पण एनसीक्यूचा फायदाही जातो. सध्या एमक्यू-डेडलाइन शेड्युलर (डिस्ककडे आज्ञा पाठवताना प्रत्येकीला मुदत लावणारा लिनक्सचा भाग) आहे. मला वाटते की त्याची मुदत आज्ञा डिस्कच्या हवाली होईपर्यंतच चालते. पुढचा क्रम डिस्क ठरवते; टेम्पोच्या भाषेत, मिठबावच्या बाजूने पेट्या येतच राहिल्या, तर विरुद्ध दिशेच्या विजयदुर्गचा बागायतदार ताटकळतो. हा तर्क बरोबर आहे का?

तसे असल्यास रांग ४ किंवा ८ वर आणणे योग्य ठरेल, की बीएफक्यू हा प्रत्येक प्रोग्रामला डिस्कचा वाटा देणारा शेड्युलर घेऊन आयोनाइस या आज्ञेने बॅकअपला सर्वांत खालचा प्राधान्यक्रम देणे? बीएफक्यू वापरतानाही रांग आखूड ठेवावी लागते का?

आणखी एक शंका आहे. मे महिन्यात वारा सुटला की इथली वीज जाते आणि आमचा यूपीएस थकलेला आहे, म्हणून डिस्कचा राइट कॅश (लिहायची माहिती तात्पुरती ठेवणारी, वीज गेल्यास पुसली जाणारी स्मृती) बंद करण्याचा विचार आहे. एनसीक्यू असल्यास पोच न दिलेल्या लेखन-आज्ञाही डिस्कला पुढेमागे करता येतात, त्यामुळे कॅश बंद केल्याचा फटका कमी बसतो, असे वाचले आहे. डेटाबेससाठी कोणी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे का?

एसएसडी घ्यावी हे मान्य आहे, परंतु पेट्या जाऊन पैसे हाती येईपर्यंत याच डिस्कवर भागवायचे आहे.