परीक्षा जुलैत, घराची नोटीसही जुलैतच

फोंड्याहून विचारलंय की लेकीची जर्मनीतली परीक्षा जुलैत आहे, घर बदलण्याचं सगळं त्यानंतर बघितलं तर चालेल का. शोध थांबेल हो, नोटीस थांबत नाही. करार बेमुदत असेल तर भाडेकरूने 3 महिने आधी कळवायचं असतं आणि पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाकडे पोचलेलं हवं. 30 सप्टेंबरला खोली सोडायची तर जुलैचा तिसरा कामाचा दिवस हीच शेवटची मुदत. ईमेल चालत नाही, कागदावर पेनाने सही लागते. एक दिवस उशीर झाला की ऑक्टोबरचंही भाडं बसतं. तरी दुसरं घर पक्कं नसताना नोटीस देऊ नये असंच मी सांगेन. एका महिन्याचं दुहेरी भाडं सोसवतं, बिनघराचं राहणं नाही.

पासपोर्ट, विद्यापीठाचा दाखला, बँक स्टेटमेंट, शूफा (जर्मनीतला क्रेडिट रिपोर्ट) हे जूनमध्येच एका पीडीएफमध्ये करून ठेवायला सांगा. गोव्यातून पाठवलेलं हमीपत्र बरेच मालक धरत नाहीत, त्यांना जर्मनीत पगार असलेला हमीदार हवा असतो. डिपॉझिट हीटिंग वगैरे न धरता मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, तेही 3 हप्त्यांत देता येतं. खोली न दाखवता पैसे मागितले तर एक रुपयाही पाठवू नका.