चांदवड-येवला पट्टा : 'येलो अलर्ट, तुरळक ठिकाणी पाऊस' असताना उन्हाळ कांदा काढावा का?

रानमळा_४२
दोन एकर उन्हाळ कांदा आहे. निम्म्याहून जास्त माना पडल्यात (म्हणजे कांदा काढणीला आलाय), पाणी तोडून बारा दिवस झाले. नाशिक जिल्ह्याला चार दिवस येलो अलर्ट दाखवतायत : 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी 40-50 किमी'. मोबाइलच्या अ‍ॅपात आज 40 टक्के, उद्या 20, परवा 55, आणि दुपारी उघडलं की आकडे बदललेले. हे टक्के नेमके कशाचे? जिल्ह्याचा अलर्ट आपल्या शिवाराला कसा लावायचा? मजूर सोमवारपासून ठरलेत, त्यांना हो म्हणू की नको?

ढगमापे
अलर्टमधले शब्द ठरलेल्या मापाचे असतात. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50, 'बऱ्याच ठिकाणी' 51 ते 75, 'बहुतांश ठिकाणी' त्याच्या वर. हे फक्त पसाऱ्याचं माप झालं, जोराचं नाही. तुरळक म्हणजे किरकोळ असं समजून लोक फसतात.

जोराचं माप वेगळं : हलका 2.5 ते 15.5 मिमी, मध्यम 15.6 ते 64.4, जोरदार 64.5 पासून पुढे. आणि हे चोवीस तासांचे आकडे, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे तासाभरात 50 मिमी कोसळून रान तळ्यासारखं झालं तरी कागदावर तो 'मध्यम'च. तसंच 'आज'चा इशारा रात्री बाराला संपत नाही, उद्या सकाळपर्यंत चालू असतो.

अ‍ॅपातले टक्के म्हणजे तुमच्या ठिकाणी त्या वेळात थोडा तरी पाऊस होण्याची शक्यता. 40 टक्के म्हणजे 40 टक्के वेळ पाऊस नाही आणि 40 टक्के रानात पाऊस असंही नाही. बहुतेक अ‍ॅप जागतिक मॉडेलवर (हवेचं गणित मांडणाऱ्या संगणक प्रणालीवर) चालतात, ती नकाशाचे 9 ते 13 किमीचे चौकोन पाडून हिशेब करते. आपल्याकडचा वळवाचा ढग पाच-दहा किमी रुंद असतो, तो त्या जाळीत नीट पकडला जात नाही. मॉडेल दिवसातून अनेकदा नव्याने चालतं, म्हणून आकडे हलतात. त्या आकड्यावरून 'पाऊस नाशिक पट्ट्यात होऊ शकतो' एवढं कळतं, 'चांदवडला होईल की येवल्याला' हे नाही.

वारा_दक्षिणेचा
वरच्या प्रतिसादाला जोड. टक्क्यांपेक्षा हवेतला ओलावा बघा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे ऊन भरपूर असतं, कमी पडतो तो ओलावा. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्याची खंडितता (दोन दिशांचे वारे जिथे भेटतात ती रेषा) तयार झाली की बंगालच्या उपसागरावरचं आणि अरबी समुद्रावरचं बाष्प आत खेचलं जातं. त्याच वेळी उत्तरेतून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी थंड हवेची प्रणाली) सरकत असेल तर वरची हवा थंड होते. खाली तापलेली ओली हवा आणि वर थंड हवा अशी जोडी जमली की ढग उंच चढतात, गारेचा धोकाही तेव्हाच.

वाऱ्याचे नकाशे दाखवणाऱ्या अ‍ॅपात दोन गोष्टी बघा. 850 हेक्टोपास्कल पातळीवर (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किमी) वारा वायव्येचा आणि कोरडा असेल तर सहसा निभावतं. तो दक्षिण-आग्नेयेचा झाला आणि जमिनीलगतचा दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं माप) 18-20 अंशांवर गेला, तर दुपारी तीननंतर सावध. सकाळी अंग चिकट होणं हीच खूण, फक्त आकड्यात.

चाळवाला
कांद्याचं बोलू. उपटलेला, पात कापलेला कांदा भिजला तर नुकसान सर्वांत जास्त, कारण कापलेल्या मानेतून पाणी आत जातं आणि चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) महिन्याभराने सड दिसते. पातीसकट उपटलेला त्यापेक्षा बरा. जमिनीतला कांदा एखाद्या हलक्या सरीला फारसा घाबरत नाही. मात्र माना पडलेला कांदा ओल्या जमिनीत आठवडाभर राहिला तर मुळं पुन्हा धरतो, वरची सालं फाटतात, म्हणून फार थांबणंही चूक.

त्यामुळे दोन एकर एकदम उपटू नका. ताडपत्री काढून, ढीग करून, कडा दाबेपर्यंत तुमच्या माणसांना तासाभरात जेवढं जमेल तेवढाच कांदा रोज उघडा राहू द्या. उपटलेला ओळीत असा मांडा की पुढच्या ओळीच्या पातीखाली मागच्या ओळीचा कांदा झाकला जाईल. साधारण तीन दिवस वाळू द्या. ज्या दिवशी इशारा आहे त्या दिवशी पात कापणं बंद. कापताना तीन-चार सेंटीमीटर मान ठेवा, मग सावलीत दहा-बारा दिवस.

झाकण्यात चुका ठरलेल्या. खोलगट जागी ढीग घातला की वरून कोरडा आणि खालून भिजलेला, म्हणून उंचवट्यावर घाला आणि भोवती वीतभर चर काढा. ताडपत्री मधे उंच, दोन्हीकडे उतार. कडांवर नुसते दगड ठेवले तर पहिल्याच झोताला उडते, मातीनं भरलेल्या गोण्या किंवा मातीचा थर लागतो. पाऊस थांबला की लगेच दोन्ही टोकं उघडा. भर उन्हात प्लॅस्टिकखाली ठेवलेला कांदा घामेजतो आणि काळी बुरशी येते, पावसानं जे केलं नसतं ते आपणच करतो.

रानमळा_४२
म्हणजे सोमवारी मजूर बोलवायचे, पण थोडं थोडं उपटायचं. ढग आला हे किती आधी कळेल? आणि विजेचं?

ढगमापे
हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा जिल्हावार येतो, तो दुपारी दोनपासून दर तासाला बघा. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला तर तो पूर्ण वाढलेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये वरचे वारे पश्चिमेचे असतात, त्यामुळे माथा पूर्वेकडे ओढला जातो आणि ढगही बहुधा तिकडेच सरकतो. म्हणून तुमच्या पश्चिम-नैर्ऋत्येला उठलेला ढग जास्त धोक्याचा. मे महिन्यात हे गणित बदलतं. थंड वारा आणि धुळीचा लोट आला की हातात बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटंच उरतात, झाकायला तेव्हा सुरुवात केली तर उशीर झाला.

विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप (पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं) ठेवा, भोवतालच्या 20 आणि 40 किमीतल्या विजा दाखवतं. नेट नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किमी. तीसच्या आत आलं की ताडपत्री असेल तशी सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कांदा चाळ आसरा नाही, चारी बाजूंनी उघडी आणि वर पत्रा. शेजारी द्राक्षबाग असेल तर मांडवाच्या तारांपासून लांब राहा, वीज दूर पडली तरी तारेतून करंट येतो. झाडाखाली बांधलेली जनावरं दुपारीच सोडून गोठ्यात न्या.

वारा_दक्षिणेचा
सोमवारसाठी रविवारी संध्याकाळी 850 चा वारा बघून इथे टाका, कोणत्या दिवशी किती वाफे उपटायचे ते त्यावर ठरवू.