पित्ताची नळी बाहेरून घालायची म्हणतात, आबांना सोसेल का?

कागलवाला:
आबा ७१ वर्षांचे. दीड महिना कावीळ आहे. पहिले वीस दिवस आम्ही झाडपाल्याच्या औषधात घालवले, ते आता मनाला लई लागतंय. लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढऱ्या मातीसारखी आणि खाज अशी, की रात्रभर भिंतीला पाठ घासत बसतात. कोल्हापुरात सीटी केला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, तिनं पित्तनलिका दाबलीय. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं माप, १९. दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी नळी, घालायला गेले, पण आतडंही दाबलंय, दुर्बीण पुढं सरकली नाही. आता पीटीबीडी करूया म्हणतात, म्हणजे बरगड्यांमधून लिव्हरमध्ये सुई घालून नळीनं पित्त बाहेर काढायचं. चुलते म्हणतात, लिव्हरला भोक पाडलं की माणूस उठत नाही. कुणाच्या घरी झालंय का?

राजारामपुरीची लेक:
दादा, माझ्या आईचं झालंय. चिरफाड नसते. उजव्या कुशीला भूल दिली, सोनोग्राफीवर बघत फुगलेल्या पित्तनलिकेत बारीक सुई घातली, मग एक्स-रेवर बघत डाय (पित्तनलिका एक्स-रेत दिसावी म्हणून सोडतात ते औषध), तार आणि तारेवरून नळी. आई जागी होती. तासाभरात बाहेर आली तेव्हा पिशवीत काळपट हिरवं पित्त उतरत होतं. चौथ्या रात्री ती सलग झोपली. बिलिरुबिन मात्र सावकाश उतरलं, २१ वरून ४ वर यायला पाच आठवडे गेले. तोवर केमो थांबली होती.

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, बघतात. पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून व्हिटॅमिन के अंगी लागत नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आईला त्याची इंजेक्शनं देऊन मगच आत घेतलं. आबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, आपल्या मनानं बंद करू नका.

खरी कसोटी घरी आल्यावर. आईच्या पिशवीत दिवसाला ५००-६०० मिली पित्त यायचं. त्यातून मीठपाणी किती जातंय हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आठव्या दिवशी सोडियम उतरलं, ती मला ओळखेना. पुन्हा भरती करावं लागलं. तेव्हापासून वहीत रोजचं माप लिहिलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा. आणि एकदा रिक्षातून उतरताना नळी ओढली गेली, तिची किंकाळी अजून कानात आहे. आबांच्या कोपरीला खाली कमरेशी आतून खिसा शिवून घ्या, पिशवी त्यात राहू दे.

सिस्टर, शाहूपुरी:
एक विचाराच : पित्त फक्त बाहेर पिशवीत काढणार की नळी अडथळा ओलांडून आतड्यातही सोडणार? आत गेली तर पुढं डॉक्टर बाहेरचं तोंड बंद करून बघतात, मग पित्त वाया जात नाही. सलाईननं नळी धुणं घरच्या एकानं वॉर्डातच शिकून घ्या. हुडहुडी भरून ताप आला, पिशवीत रक्त दिसलं किंवा पित्त एकदम थांबलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच आणा.

कागलवाला:
ताई, सिस्टर, चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मीपण येतो. आबांची हृदयाची गोळी रक्त पातळ करायचीच निघाली, डॉक्टरांना फोन केलाय. मंगळवारी सकाळी नंबर आहे. कोपरी शिवायला टाकली.