रान उठवणे: नुसता आवाज नव्हे

परवा भाचीनं निबंधात लिहिलं, 'माझा डबा हरवला म्हणून मी रान उठवलं.' बाईंनी लाल रेघ मारली, कारण काही सांगितलं नाही. ती मला विचारते, "मामा, रान म्हणजे शेतच की! ते कसं उठवायचं?" कोल्हापुरात हा प्रश्न पडणारच. 'आबा रानात गेल्यात' म्हणजे आमच्याकडं उसाला पाणी पाजायला गेल्यात.

या वाक्प्रचारातलं रान मात्र शिकारीचं. संस्थानच्या काळात दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखलेलं होतं. हाक्याच्या शिकारीत हाकारे रांग धरून रानात शिरायचे. ढोल, पत्र्याचे डबे, आरोळ्या, काठीनं झुडपं बडवणं. समोर मचाणावर बंदूकवाला श्वास रोखून बसलेला. जाळीत दबून बसलेलं डुक्कर नाहीतर सांबर या गलक्यानं उठायचं आणि नेमकं त्याच्या पुढ्यात यायचं. 'जनावर उठलं' हा शिकाऱ्यांचा रोजचा शब्द. रान उठवलं म्हणजे त्यात दडलेलं सगळंच उठवलं.

म्हणून हे एकट्याचं काम नाही. रांगेत एक जागा मोकळी राहिली की सावज तिथूनच निसटतं. आवाज एकटा माणूसही उठवू शकतो, रान उठवायला चार बाजूंनी माणसं लागतात. आणि समोर हुसकावण्याजोगं काहीतरी असावं लागतं. शहरातल्या टोलविरुद्ध कोल्हापूरनं वर्षानुवर्षं रान उठवलं. पक्ष, पेठा, तालमी, सगळे उतरले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं. हा प्रयोग अगदी चपखल. पण उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं तसं नाही. ते ऑगस्ट २०२५ मध्ये इथं सुरू झालं, त्यासाठी वकिलांनी कित्येक वर्षं जिवाचं रान केलं. तिथं काही हुसकावायचं नव्हतं, मिळवायचं होतं. 'अमुक मागणीसाठी रान उठवलं' असं हल्ली बातम्यांत दिसतं, ते मला खटकतं. रान उठतं ते कुणाच्या तरी विरुद्ध.

'हाकाटी पिटणे' याच्या जवळचं वाटतं, पण त्यात नुसता गलका. जनावर उठलं की नाही, याच्याशी हाकाटीला देणंघेणं नाही.

भाचीनं वाक्य बदललं: 'दारूच्या दुकानाविरुद्ध गावातल्या बायकांनी रान उठवलं आणि बाटली आडवी केली.'