जास्त ॲव्हरेज देणारी गाडी घेतल्याने खरोखर पैसे वाचतात का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

माझ्याकडे 2013 सालची पेट्रोल गाडी आहे. इंदिरानगरहून सातपूर एमआयडीसीत रोजचे जाणे-येणे आणि सणावाराला गावाकडची फेरी धरून वर्षाला साधारण 9,000 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 12 किलोमीटर देते. शोरूममध्ये दाखवलेल्या नव्या गाडीचे ॲव्हरेज कागदावर 22 आहे आणि ऑन-रोड किंमत साडेआठ लाख रुपये आहे. जुन्या गाडीचे दोन लाख येतील, दोन लाख मी ठेवीतून काढीन आणि उरलेल्या साडेचार लाखांचे कर्ज घेईन. पेट्रोलच्या बचतीतून हप्त्याचा मोठा भाग निघेल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. घरातही तसेच वाटते, पण सही करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून विचारतो आहे.

उत्तर (गंगापूर रोड)

सही करण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत. कागदावरचे 22 हे प्रयोगशाळेत ठरावीक वेगाच्या आराखड्यावर चालवून काढलेले असते. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत, एसी लावून, तुम्हाला 18 मिळाले तरी समाधान माना. लिटरला 104 रुपये धरा. आज तुम्हाला वर्षाला 750 लिटर, म्हणजे 78,000 रुपयांचे पेट्रोल लागते. नव्या गाडीला 500 लिटर, म्हणजे 52,000 रुपयांचे लागेल. बचत झाली 26,000 रुपये, महिन्याला 2,200 रुपयेसुद्धा नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. साडेचार लाखांवर 9 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे 9,340 रुपये बसतो आणि पाच वर्षांत नुसते व्याजच 1 लाख 10 हजारांच्या घरात जाते. त्याच पाच वर्षांत पेट्रोलचे वाचणार 1 लाख 30 हजार. ठेवीतून काढलेल्या दोन लाखांचे बुडालेले व्याज त्यात मिळवले, तर बचत तिथेच संपते, आणि नव्या गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते ती वेगळीच. हप्त्याचा मोठा भाग पेट्रोलमधून निघेल, हे तुमच्या किलोमीटरवर शक्य नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण ॲव्हरेजचा आकडा पाहतो, पण पैसे जातात लिटरचे. तुमच्या 9,000 किलोमीटरवर 12 वरून 18 वर गेल्यास 250 लिटर वाचतात. पुढे 18 वरून 24 वर गेल्यास, म्हणजे तेवढीच 6 ची वाढ होऊनही, 125 लिटरच वाचतात. त्यामुळे अधिक ॲव्हरेजच्या महागड्या मॉडेलसाठी वरचे लाख-दीड लाख मोजताना तर दुप्पट सावध राहावे.

उत्तर (अंबड)

वरचा हिशेब योग्य आहे, परंतु माझी शंका मुळातल्या 12 या आकड्यावर आहे. तो आपण कसा काढलात? पाचशे-हजारांचे पेट्रोल भरून काट्यावरून अंदाज केला असेल, तर तो धरू नका. एकदा ऑटो कटपर्यंत टाकी फुल करून रीडिंग लिहून ठेवा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा, आणि झालेल्या किलोमीटरला त्या वेळी भरलेल्या लिटरने भागा.

शिवाय सातपूरहून घरी आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, मात्र धातूला लगेच हात लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर तिथला ब्रेक घासत आहे असे समजावे. टायरमधली हवा कमी असली, एअर फिल्टर धुळीने भरलेला असला, तरी पेट्रोल वाढते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. तो फरक नव्या गाडीलाही थोडाफार पडणारच.

उत्तर (नाशिक रोड)

माझा अनुभव उलट आहे, तो मांडणे मला आवश्यक वाटते. कामासाठी मला दर आठवड्याला मुंबईला जावे लागते. शहरातले धरून वर्षाला 25,000 किलोमीटर होतात. माझीही जुनी गाडी 12 च देत असे; नवी 18 देते. त्यामुळे वर्षाला सुमारे 690 लिटर, म्हणजे 72,000 रुपये वाचतात, आणि माझ्यासाठी गाडी बदलणे निश्चितच फायद्याचे ठरले. मात्र समृद्धीवर वेग वाढवला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि ॲव्हरेज लगेच उतरते, हेही मी टाकी फुल करूनच पडताळले आहे.

तुमची गाडी सुरक्षिततेसाठी, एअरबॅगसाठी बदलायची असेल, तर अवश्य बदला; ते कारण पेट्रोलपेक्षा कितीतरी मोठे आहे. फक्त त्याचा खर्च पेट्रोलच्या नावावर मांडू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टाकी फुल करून मोजले: 412 किलोमीटरला 29.4 लिटर, म्हणजे ॲव्हरेज 14 निघाले. मागचे डावे चाक खरोखरच गरम लागत होते. मेकॅनिकने ड्रम उघडल्यावर ब्रेक शू अडकलेला दिसला आणि दुरुस्तीला 1,800 रुपये लागले. 14 धरले तरी नव्या गाडीने वर्षाला 15,000 रुपयेसुद्धा वाचत नाहीत, त्यामुळे बुकिंग तूर्त रद्द केले आहे. दुरुस्तीनंतरची पहिली टाकी अजून संपायची आहे. आकडा हाती आला की इथेच लिहीन.