मदत हवी आहे: सॅलरी कॅपच्या कोणत्या नियमामुळे फिनिक्स सन्सना जिमी बटलर घेता आला नाही?

चँडलरकर

नमस्कार मंडळी,

मी फिनिक्सजवळ चँडलरला राहतो आणि सन्सचे सामने नेमाने पाहतो. माझा भाचा पुण्यात शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. परवा फोनवर त्याने विचारलं, "मामा, बटलरला तर फिनिक्सलाच यायचं होतं ना? मालकाकडे पैसाही आहे. मग तो गोल्डन स्टेटला कसा गेला?" मला त्याला नीट उत्तर द्यायचं आहे. "नियम आहेत बाबा" एवढं सांगून त्याचं समाधान होणार नाही आणि माझंही होत नाहीये.

मला जेवढं कळलंय ते आधी लिहितो.

२०२४-२५ च्या हंगामात कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, साधारण १४.०६ कोटी डॉलर होती. सन्सकडे डेव्हिन बुकरचा पगार ४.९२ कोटी, केविन ड्युरँटचा ५.१२ कोटी आणि ब्रॅडली बीलचा ५.०२ कोटी. तिघांचे मिळून १५ कोटींच्या वर, म्हणजे उरलेले खेळाडू मोजायच्या आधीच कॅप ओलांडलेली. हे चालतं, कारण एनबीएची कॅप कडक नाही. आपलाच खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचा असेल तर कॅपच्या वर जाता येतं, वर लक्झरी टॅक्स (पगार एका ठरावीक रेषेच्या वर गेल्याबद्दलचा दंड) भरायचा. मालक मॅट इश्बिया तो भरायला तयारच होते.

बटलरचा पगार होता ४.८८ कोटी, म्हणजे बीलपेक्षा कमीच. मग अडलं कुठे?

लेखांमध्ये 'सेकंड एप्रन' हा शब्द सारखा येतो, पण बहुतेक जण तो वाचकाला माहीत आहे असं धरून पुढे जातात. माझे प्रश्न असे:

टॅक्स भरायची तयारी असताना ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) अडतो तो नेमका कशाने? बील नसता दिला, पण नुर्किच, ग्रेसन ॲलन असे दोन-तीन मधल्या पगाराचे खेळाडू एकत्र करून का देता आले नाहीत? आणि बील आता संघात नसतानाही त्याचे पैसे २०३० पर्यंत सन्सच्या हिशेबात दिसतात, ते कसे?

सन्स त्या वर्षी ३६-४६ वर संपले, प्ले-इनसुद्धा (प्लेऑफच्या आधीची पात्रता फेरी) नाही. असे तीन खेळाडू असलेल्या संघाचं हे झालेलं पाहून फार वाईट वाटलं. नियम समजला तर निदान कुठे काय बिनसलं ते तरी कळेल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

बेसलाइन

चँडलरकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच सगळं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

२०२३ पासून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला नवा सामूहिक करार लागू झाला. त्याआधी श्रीमंत मालक टॅक्स भरून मोकळे व्हायचे. नव्या करारात टॅक्सच्या रेषेच्या वर आणखी दोन रेषा महत्त्वाच्या झाल्या. २०२४-२५ मध्ये टॅक्सची रेषा १७.०८ कोटींवर, पहिला एप्रन १७.८१ कोटींवर, दुसरा १८.८९ कोटींवर. एप्रन ओलांडल्यावर पैशांचा दंड तर वाढतोच, पण खरी शिक्षा वेगळी आहे: ट्रेड करण्याचे मार्ग एकेक करून बंद होतात.

एप्रनच्या खाली असलेला संघ ट्रेडमध्ये जितका पगार पाठवतो त्यापेक्षा काहीसा जास्त परत घेऊ शकतो. पहिला एप्रन ओलांडला की ही सवलत गेली, पाठवाल तेवढाच किंवा त्याहून कमी घ्या. दुसरा ओलांडला की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा पगार आणता येत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. बाहेरून खेळाडू करारबद्ध करायचा तर फक्त मिनिमम पगारावर. (टायस जोन्ससारखा चांगला पॉइंट गार्ड त्या वर्षी मिनिममवर आला, हे सन्सचं नशीब.)

आता नुर्किच आणि ॲलन घ्या. नुर्किचचे १.८१ कोटी, ॲलनचे १.५६ कोटी. इतर कुठल्याही संघासाठी हे दोघे मिळून ३.३७ कोटींचा एक खेळाडू आणण्याचं साधन असतं. सन्ससाठी ते वेगवेगळेच मोजायचे. नुर्किचच्या बदल्यात फार तर १.८१ कोटींचा माल, ॲलनच्या बदल्यात १.५६ कोटींचा, आणि ही बेरीज कधीच करायची नाही. खिशात शंभराच्या नोटा भरपूर असाव्यात आणि दुकानदाराने फक्त पाचशेची एकच नोट घेईन म्हणावं, तसं. ट्रेड झाल्यावर संघ दुसऱ्या एप्रनच्या खाली येणार असेल तर जोडाजोड चालते, पण सन्स त्या रेषेच्या इतके वर होते की ती सवलत त्यांच्या कामाची नव्हती.

म्हणून ४.८८ कोटींच्या बटलरसाठी सन्सकडून जाऊ शकतील असे करार तीनच होते: बुकर, ड्युरँट, बील. पहिले दोघे देऊन बटलर आणण्यात अर्थ नाही. उरला बील. आणि बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज होता! तो वॉशिंग्टनने २०२२ मध्ये दिला, २०२३ मध्ये तो फिनिक्सला आला तेव्हा क्लॉजही सोबत आला. त्याने हो म्हटल्याशिवाय त्याला कुठेच पाठवता येत नव्हतं, आणि तेवढ्या मोठ्या कराराचा भार घ्यायला तयार असलेला संघ शोधणं ही त्याहून अवघड गोष्ट.

भाच्याला गोल्डन स्टेटचा ट्रेड शेजारी ठेवून दाखवा, त्याला चटकन कळेल. त्यांनी अँड्र्यू विगिन्स, डेनिस श्रोडर, काइल अँडरसन आणि लिंडी वॉटर्स अशा चार खेळाडूंचे पगार जोडले आणि बटलरचा पगार जुळवला. ते दुसऱ्या एप्रनच्या खाली होते म्हणून हे जमलं. तोच खेळाडू, तोच पगार. एका संघाला चार करारांची बेरीज करता आली, दुसऱ्याला दोन करारांचीही नाही.

चँडलरकर

बेसलाइन, मनापासून आभार. आजवर कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. चार करारांची बेरीज ही गोष्ट तर मी भाच्याला कागदावर आकडे मांडूनच दाखवणार आहे.

पण मग एक शंका येते. त्याच फेब्रुवारीत नुर्किच शार्लटला गेला आणि सन्सकडे कोडी मार्टिन आणि वासिलिये मिसिच असे दोघे आले. ते कसं चाललं?

बेसलाइन

एक देऊन दोन घेणं चालतं, दोन देऊन एक घेणं चालत नाही. मार्टिन आणि मिसिच मिळून साधारण १.५८ कोटी, नुर्किचपेक्षा कमी. शिवाय सन्सना पहिल्या फेरीचं एक पिकही (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचा हक्क) सोबत द्यावं लागलं.

मिनेसोटाने ही बंधनं फार शहाणपणाने हाताळली, असं माझं मत आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात तेही दुसऱ्या एप्रनच्या वर होते. त्यांनी कार्ल-अँथनी टाउन्सचा एकच मोठा करार न्यूयॉर्कला दिला आणि ज्युलियस रँडल व डाँटे डिव्हिन्चेंझो असे दोन मधले करार घेतले. टाउन्सच्या जाण्याने चाहते हळहळले, पण पुढच्या ट्रेडसाठी हाताशी येतील असे दोन करार मिळाले.

तिसरा_क्वार्टर

बेसलाइन यांनी पगाराची बाजू छान सांगितली आहे. मी ड्राफ्ट पिकांबद्दल लिहितो, कारण सन्सची दुसरी कोंडी तिथे होती.

ड्युरँटसाठी त्यांनी २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ ची पहिल्या फेरीची पिकं दिली. एकाआड एक वर्षं का? पुढच्या लागोपाठ दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिकं देता येत नाहीत म्हणून. याला स्टेपियन नियम म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिकं अशी उधळली की लीगला नियमच करावा लागला. मधल्या वर्षांच्या पिकांची अदलाबदल करण्याचे हक्क सन्सनी बीलच्या ट्रेडमध्ये दिले. २०२५ च्या जानेवारीत हाताशी राहिलेलं २०३१ चं पिक युटाला देऊन त्यांनी तीन कमी दर्जाची पिकं घेतली, ट्रेडमध्ये वापरायला सुटी मिळावीत म्हणून. पुढचं २०३२ चं पिक वापरावं म्हटलं तर हंगाम दुसऱ्या एप्रनच्या वर संपल्यामुळे ते गोठलं, म्हणजे ट्रेडमध्ये देता येईना. पुढच्या चार हंगामांपैकी दोनदा पुन्हा वर गेले तर ते पिक थेट पहिल्या फेरीच्या शेवटी ढकललं जातं, संघ कितीही वाईट खेळला तरी.

मला या नियमाचा हा भाग खटकतो. पगाराचे निर्णय घेणारे लोक तोवर बदललेले असतात, आणि भोगतो तो सात वर्षांनंतरचा संघ.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २०२५ च्या उन्हाळ्यात सन्सनी ड्युरँट ह्यूस्टनला दिला आणि बीलचा करार बायआउट करून (काही रक्कम सोडायला लावून त्याला मोकळं करून) स्ट्रेच केला, म्हणजे उरलेली रक्कम जास्त वर्षांवर पसरवली. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, असा तो हिशेब. बीलची दोन वर्षं उरली होती, म्हणून पाच वर्षं. दर वर्षी साधारण १.९४ कोटी, २०२९-३० पर्यंत. हा आकडा मनाला येईल तो ठरवता येत नाही. एका हंगामात मोजली जाणारी स्ट्रेच केलेली सगळी रक्कम कॅपच्या १५ टक्क्यांच्या आत बसावी लागते. २०२५-२६ ची कॅप १५.४६ कोटी, त्याचे १५ टक्के म्हणजे २.३२ कोटी. त्यात नासिर लिटल आणि इ. जे. लिडेल यांचे आधीचे तुकडे होते. त्यामुळे बीलने जवळपास १.३९ कोटी सोडले तेव्हाच हा व्यवहार बसला.

चँडलरकर

तिसरा_क्वार्टर, तुमचेही खूप आभार. शेवटचं एकच विचारतो. बील गेल्यामुळे ट्रेडची दारं परत उघडली का?

तिसरा_क्वार्टर

बरीचशी, हो. बायआउटनंतर संघ टॅक्सच्या रेषेच्याही खाली आला, त्यामुळे पगार जोडून ट्रेड करणं पुन्हा शक्य झालं. ड्युरँटच्या बदल्यात आलेले जेलन ग्रीन आणि डिलन ब्रूक्स हे दोन वेगळे करार आहेत, हवे तेव्हा एकत्रही देता येतील. मात्र ते १.९४ कोटी दर हंगामाच्या बेरजेत पहिल्या दिवसापासून धरलेले असतील आणि ट्रेडमध्ये ते कुणालाच देता येणार नाहीत. भाच्याबरोबर ट्रेड जुळवून बघणार असाल तर आधी तेवढी रक्कम वजा करा, आणि मग टॅक्सची रेषा, पहिला एप्रन, दुसरा एप्रन या क्रमाने किती जागा उरते ते तपासा.